एक रीळ, दोन शेवट

"आले! दादा, तासगावे सर आले!"

चपला हातात घेऊन मी मैदानाच्या फाटकापासून कॅमेऱ्यापर्यंत पळत सुटले होते. आमच्या पिक्चरचे दिग्दर्शक जयवंतदादा नाडगौडा स्टुलावर बसून कांदाभजी खात होते. घास तोंडातच राहिला.

"कोण तासगावे?"

"अहो, कोण काय विचारता! कादंबरी ज्यांची आहे ते. श्रीपती तासगावे!"

"ते आजारी होते ना मिरजेत?"

"बरे झालेत. एसटीनं आलेत, एकटेच. काखेत छत्री आहे, आणि चेहरा असा आहे की मी नमस्कार करायचंसुद्धा विसरले."

दादांनी भज्यांचा कागद स्टुलाखाली सारला आणि हात पँटला पुसले. "आजच यायचं होतं होय म्हाताऱ्याला?"

आजच यायचं होतं, कारण आज शूटिंगचा शेवटचा दिवस होता आणि पिक्चरचा शेवटचा प्रसंग. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची, बँकेची परीक्षा बुडवून या पिक्चरला दादांची असिस्टंट म्हणून लागले होते. असिस्टंट म्हणजे प्रत्येक शॉटच्या आधी कॅमेऱ्यासमोर पाटी वाजवायची, कुणाच्या अंगात काल कुठला सदरा होता ते ध्यानात ठेवायचं आणि दादांची बोलणी खायची. तिन्ही कामं मी मन लावून करत होते. फक्त बोलणी मी नुसती खात नव्हते, परतही करत होते. माझं तोंड लहानपणापासून माझ्या आधी बोलतं.

त्या काळी गावोगाव सायकलवाले यायचे. बाजाराच्या मैदानात गोल फेऱ्या मारत सात दिवस सायकल चालवायची, खाली पाय टेकायचा नाही. जेवण सायकलवर, अंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवर. कर्ण्यावर गाणी लागायची, लोक सदऱ्याला नोटा टाचायचे, आणि सातव्या दिवशी हारतुरे घालून त्याला उतरवायचे. तासगावे सरांची कादंबरी, 'न उतरलेला माणूस', अशाच एका सायकलवाल्याची होती. त्याचं नाव म्हादू. सातव्या दिवशी हार तयार, सरपंच तयार, बँड तयार, आणि म्हादू उतरतच नाही! गर्दीतून वाट काढत फाटकाबाहेर पडतो आणि रस्त्याला लागतो. 'मैदान संपलं, पण चाक थांबलं नाही.' हे शेवटचं वाक्य आमच्या कॉलेजात पोरापोरींना तोंडपाठ होतं. मी ते होस्टेलच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं होतं आणि रेक्टरबाईंनी ते माझ्याकडूनच पुसून घेतलं होतं.

आणि दादांच्या पिक्चरमध्ये म्हादू उतरत होता!

म्हणजे गर्दी कुठंतरी निघून गेलेली, मैदान रिकामं, म्हादू एकटाच फेऱ्या मारतोय. मारता मारता थांबतो, उतरतो. पाय धरत नाहीत, खाली बसतो. कुणी येत नाही. संपला पिक्चर. शूटिंग सुरू झाल्यापासून या एका गोष्टीवरून मी दादांशी भांडत होते.

"दादा, पुस्तकाचं नाव काय आहे? न उतरलेला माणूस! आणि तुम्ही त्याला उतरवताय?"

"मग पिक्चरचं नाव बदलतो. उतरलेला माणूस."

"चेष्टा करू नका. तो शेवट पुस्तकाचा जीव आहे."

"पुस्तकाचा आहे ना? मग पुस्तकात राहू दे की." दादा कोल्हापूरचे, चिडले की आवाज उलट खाली आणायचे. "हे बघ उज्ज्वले. पुस्तकात म्हादू रस्त्याला लागला की वाचणारा पुस्तक मिटतो, डोळे मिटतो आणि मनातल्या मनात त्याच्या मागं मागं जातो. माझ्याकडं डोळे मिटलेलं गिऱ्हाईक येत नाही. पडद्यावर म्हादू फाटकाबाहेर गेला, की लोक वाकून खुर्चीखाली चपला शोधणार. मला त्यांना उठू द्यायचं नाही."

"मग दुसरी गोष्ट घ्यायची होती."

"गोष्ट हीच पाहिजे मला. पण ती पडद्यावर वाचून दाखवायला मी काय शाळामास्तर आहे?"

शाळामास्तर आता समोरून चालत येत होते. तासगावे सर हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, पांढरं धोतर, काळा कोट, चाल अशी की मैदानातली पोरं आपोआप रांगेत उभी राहिली.

"नाडगौडा कोण?"

"मीच, सर. या, बसा. उज्ज्वला, चहा सांग सरांना."

"चहा नको. पेपरात तुमच्या नटाची मुलाखत वाचली. तो म्हणतो, शेवटी मी सायकलवरून उतरतो, आणि तो प्रसंग करताना मला रडू आवरलं नाही. प्रसंग अजून व्हायचाय ना?"

आमचा हिरो चंद्रहास जवळच सायकलवर बसून सराव करत होता. त्याला अचानक सायकलच्या घंटीत काहीतरी बिघाड दिसला.

"सर, पिक्चरचं जरा वेगळं असतं," दादा म्हणाले.

"असेल. म्हणून मी कशाला नाही म्हटलं? गाणी घाला म्हणालात, घाला म्हटलं. म्हादूच्या बायकोला मरेपर्यंत नऊवारीत ठेवली होती मी, तुम्ही तिला पाचवारी नेसवलीत. नेसवा म्हटलं. करारात माझी एकच अट आहे. माझ्या संमतीशिवाय शेवट बदलायचा नाही."

"आणि बदलला तर?"

"तर पिक्चर डब्यात राहील. मी कोर्टात जाईन. मला वेळ भरपूर आहे, मी पेन्शनर आहे."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! एवढे दिवस मी एकटी बोंबलत होते, आता खुद्द पुस्तक चालत आलं होतं. मी दादांकडे बघितलं. ते हरल्यासारखे दिसत होते. मान खाली, हात जोडलेले.

"ठीक आहे, सर. तुमचाच शेवट घेऊ. आत्ता, तुमच्यासमोर."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दादा इतक्या लवकर जेवायलासुद्धा तयार व्हायचे नाहीत.

जीपच्या मागे दादांनी मला आणि रफिकभाईंना बोलावलं. रफिकभाई इनामदार आमचे कॅमेरामन, बोलायचे कमी आणि पान खायचे जास्त.

"रफिक, फिल्म किती राहिली?"

"एकच डबा. चार मिनिटं. तुम्हाला माहितीय की."

"तो भरू नकोस. कॅमेरा रिकामाच चालव."

रफिकभाईंनी पानाची पिंक टाकली आणि मान डोलावली. मला कळायला वेळ लागला नाही. आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती. कुणा पुढाऱ्याला पिक्चरमध्ये भाषण ठोकायची हौस असते, कुणा फायनान्सरच्या मेव्हण्याला हिरॉइनच्या शेजारी उभं राहायचं असतं. त्यांना नाही म्हणायची सोय नसते. मग पाटी वाजते, 'ॲक्शन' होतं, कॅमेरा घरघरतो, आणि आत फिल्म नसते. मेव्हणा खूश आणि फिल्म शिल्लक. पण हे मेव्हणे नव्हते, हे तासगावे सर होते!

"दादा, हे पाप आहे."

"पाप नाही, काटकसर आहे. म्हातारा बघेल, खूश होईल, संमतीच्या कागदावर सही करेल, पाचच्या एसटीत बसेल. मग आपण आपला शेवट घेऊ. मला घर गहाण टाकून दुसऱ्याचा पिक्चर काढायचा नाही."

"आणि पिक्चर लागल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा. पाय धरीन त्यांचे."

"मी पाटी वाजवणार नाही."

"मग काय तासगावे वाजवणार? जा, पाटी घे. आणि चंद्रहासला सांगू नकोस. त्याला कळलं की त्याच्या तोंडावर दिसतं."

बाजाराचा दिवस होता. आख्खं नांदणगाव शूटिंग बघायला मैदानाच्या कडेनं उभं होतं. दादांनी भोंगा उचलला.

"मंडळी! म्हादू आता उतरायचा नाही! तो फाटकाबाहेर निघून जाणार आहे. त्याला अडवा, हाका मारा, मागं पळा! कुणी कॅमेऱ्याकडं बघायचं नाही!"

"आन् पळायचं कुठवर?" मागून एक बाई ओरडली.

"दम हाय तोवर!"

मी कॅमेऱ्यासमोर जाऊन पाटी वाजवली. तासगावे सर स्टुलावर ताठ बसले होते, छत्री गुडघ्यांत धरून.

"ॲक्शन!"

चंद्रहास निघाला. फेरी मारली, दुसरी मारली. सरपंच झालेला माणूस हार घेऊन पुढे सरसावला, बँडवाल्यांनी फुंकर घातली. चंद्रहासनं हाराकडे बघितलं, एकदाच. मग त्यानं हँडल वळवलं, आणि देवाशपथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला. तो फाटकाकडे निघाला होता!

"आरं, कुठं निघाला?" कुणीतरी ओरडलं. शिकवलेलं नव्हतं ते. "म्हादू! आरं ये, उतर की!"

आणि आख्खी गर्दी हलली. टोप्या उडाल्या. भाजीवाल्या बायका टोपल्या टाकून पळाल्या. बँडवाला ढोल गळ्यात घेऊनच पळत होता आणि पळता पळता वाजवत होता. एका म्हाताऱ्यानं चंद्रहासचं कॅरिअर धरलं, चार पावलं फरपटत गेला आणि सोडून देऊन रडायला लागला. खरंखुरं रडायला! चंद्रहास फाटकातून बाहेर पडला, मागे सगळं गाव, धूळ, हाका, ढोल. मला डोळ्यांतल्या पाण्यानं समोरचं दिसेना. पुस्तकातलं शेवटचं पान माझ्या डोळ्यांसमोर उठून उभं राहिलं होतं, त्याहून मोठं होऊन.

आणि कॅमेरा रिकामा घरघरत होता.

"कट!" दादा ओरडले. त्यांचासुद्धा आवाज फाटला होता. चंद्रहासला ते ऐकू जायचं काही कारण नव्हतं. तो हायवेला लागला होता आणि त्याच्या मागे सगळं नांदणगाव.

तासगावे सर उठले. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला. मग दादांच्या जवळ आले आणि त्या कडक माणसानं दादांचे दोन्ही हात हातात घेतले.

"नाडगौडा, मी तुम्हाला वाईट बोललो. मला वाटलं होतं, तुम्हाला पुस्तक कळलंच नाही. जसं लिहिलं तसं... नाही, लिहिलं त्याहून चांगलं झालं. आणा, कुठं सही करायची? आणखी काय बदललं असेल ते बदला. माझी संमती आहे."

त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं. दादांनी कागद पुढे केला. पेनाचं टोपण निघालं.

"सही करू नका!"

हे मी बोलले होते. मला ते ऐकू आल्यावर कळलं.

"उज्ज्वले," दादा म्हणाले.

"सर, सही करू नका. कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. रिकामा होता कॅमेरा. तुम्हाला दाखवण्यापुरतं केलं सगळं!"

रफिकभाई पान चघळायचे थांबले. दादांनी माझ्याकडे असं बघितलं की ही नोकरी गेली, हे मला उमगलं. पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझं अंग नुसतं जळत होतं.

"म्हणजे," तासगावे सर सावकाश म्हणाले, "आत्ता जे झालं, ते कुठंच नाही?"

"नाही, सर."

"तो म्हातारा रडला ते?"

"नाही."

सरांनी पेनाला टोपण लावलं. खिशात ठेवलं. मग स्टुलावर जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. दादा उभ्याउभ्या लाल झाले होते. मग ते एकदम जीपकडे गेले, फिल्मचा शेवटचा डबा आणला आणि सरांच्या मांडीवर ठेवला.

"चुकलो, सर. पोरगी खरं बोलली. हा एवढाच डबा आहे, नवीन आणायला माझ्याकडं दमडी नाही. गर्दी परत येईल, चंद्रहास येईल, ऊन अजून अर्धा तास आहे. तुमचा शेवट परत घेऊ, या वेळी फिल्म भरून. मग माझा शेवट व्हायचा नाही. नाहीतर माझा घेऊ, मग तुमचा होणार नाही. दोन्ही होत नाहीत. ठरवा तुम्ही. तुम्ही सांगाल ते करतो, आईची शपथ."

"यात ठरवायचं काय आहे?" सर म्हणाले. "माझा घ्या."

"बरं," दादा म्हणाले, आणि त्यांचे खांदे पडले. मला वाईट वाटावं की आनंद व्हावा तेच कळेना. जिंकले होते मी! तरी दादांच्या पाठीकडे बघवत नव्हतं.

गर्दी यायची वाट बघत आम्ही उभे राहिलो. आणि तेवढ्यात मैदानाच्या मागच्या बाजूनं, मटण मार्केटच्या बोळातून, चंद्रहास आला.

तो साखर कारखान्यापर्यंत गेला होता. गर्दीला चुकवून ओढ्याच्या रस्त्यानं फिरून परत आला होता, आणि लोक अजून हायवेवरच त्याला शोधत होते. सदरा अंगाला चिकटलेला, तोंड उघडं, पाय नुसते सवयीनं फिरत होते. तो मैदानात शिरला आणि गोल फिरायला लागला.

"दादा! कट झाला का? बरा झाला का?"

दादा मैदानाकडे बघत होते. मीही बघितलं. मैदानात कुणीसुद्धा नव्हतं. तुडवलेले हार पडले होते, एकट्या-दुकट्या चपला, सांडलेली वांगी, कुणाची तरी टोपी, बँडवाल्याची पिपाणी. धूळ अजून खाली बसायची होती आणि तिच्यातून तिरकं ऊन आलं होतं. त्यात चंद्रहास एकटा फिरत होता.

दादा स्वतःशीच पुटपुटले, "आयला! हेच. हेच तर पाहिजे होतं मला."

त्यांना हे मैदान सात जन्मात उभं करता आलं नसतं. ते सरांच्या शेवटानं करून ठेवलं होतं.

तासगावे सर उठून उभे राहिले होते. डबा त्यांच्या दोन्ही हातांत होता.

"तो उतरत का नाही?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "दादांनी सांगितल्याशिवाय तो उतरत नाही, सर. तशी सवयच लावलीय त्याला."

चंद्रहासनं आणखी एक फेरी मारली. आता तो आमच्याकडे बघतही नव्हता. मान खाली गेली होती. दूर हायवेवरून ढोलाचा आवाज परत गावाकडे यायला लागला.

"दमलाय तो," सर म्हणाले. मग एकदम डबा त्यांनी रफिकभाईंच्या छातीवर आदळला. "भरा! भरा लवकर!"

"पण कुणाचा शेवट घ्यायचा, सर?" रफिकभाईंनी विचारलं.

"ह्यांचा! बघत काय बसलात? लोक आले की गेलं सगळं!"

पुढची दोन मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. फिल्मला उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून, डोळे मिटून रफिकभाई फिल्म भरत होते आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होते. दादा चंद्रहासला ओरडून सांगत होते, "फिरत राहा! थांबू नकोस! बाबा, दोनच फेऱ्या!" ढोल जवळ जवळ येत होता. मी फाटकाकडे धावले, फाटक ओढून घेतलं आणि कडी लावून परत कॅमेऱ्याकडे धावले. तोवर रफिकभाईंनी हात बाहेर काढले होते.

"पाटी!"

मी पाटी वाजवली आणि कॅमेऱ्याखाली लोळणच घेतली.

"ॲक्शन. चंद्रहास, बास आता. उतर."

चंद्रहासला अभिनय करायची गरजच राहिली नव्हती. सायकल मंदावली, डुगडुगली. त्यानं एक पाय खाली टेकला. पाय मुडपला. दुसरा काढताना सायकल आडवी झाली आणि तो तिच्याशेजारी मातीत बसला. चाक फिरत राहिलं, मग तेही थांबलं. चंद्रहासनं मैदानाकडे बघितलं, चारी बाजूंना. कुणी नव्हतं. त्यानं तळवे मातीवर टेकले आणि तसाच बसून राहिला. एवढे दिवस मी ज्या शेवटाला शिव्या घातल्या तोच हा!

आणि त्याच क्षणी माझ्या शेजारून धोतराचा सोगा सळसळत गेला. तासगावे सर मैदानात निघाले होते. कॅमेऱ्यासमोर, सरळ!

"सर!" मी उठून धावणार, एवढ्यात दादांनी माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी फुटली.

"थांब," दादा कुजबुजले. "रफिक, बंद करू नकोस."

रफिकभाईंनी डोळा काढलाच नव्हता.

सर चालत गेले. आडव्या पडलेल्या सायकलजवळ थांबले. वाकले, दोन्ही हातांनी ती उचलली. स्टँड काढलं, ते लागेना. पुन्हा पायानं दाबलं, लागलं. सायकल उभी राहिल्याची त्यांनी सीट हलवून खात्री केली. मग कोट-धोतरासकट मातीत चंद्रहासशेजारी बसले आणि त्याचा एक पाय आपल्या मांडीवर घेऊन दाबायला लागले. चंद्रहास त्यांच्याकडे बघत होता. नट म्हणून नव्हे, दमलेला माणूस बघतो तसा. मग त्यानं डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं.

कॅमेऱ्यात फिल्म संपल्याची फडफड झाली आणि त्याच वेळी फाटकावर लोकांचा धक्का बसला. कडी उडाली. ढोल, पोरं, भाजीवाल्या, सगळं नांदणगाव आत घुसलं. दादा खुशाल रडत होते आणि रफिकभाईंचे मुके घेत होते. मीही नाचत होते. कुणाची बाजू जिंकली, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

गर्दीतून मी पाण्याचा तांब्या घेऊन सरांपर्यंत पोचले. ते अजून खालीच बसले होते. चंद्रहासला लोकांनी उचलून नेलं होतं.

"सर, तुम्ही एकदम आत कसे गेलात?"

ते पाणी प्यायले. तोंड पुसलं.

"म्हादू म्हणजे माझा थोरला भाऊ," ते म्हणाले. "हणमंता. आम्ही अण्णा म्हणायचो."

दादा मागे येऊन उभे राहिले होते.

"म्हणजे ते खरंच निघून गेले होते?"

"कुठं जातोय? उतरला तो सातव्या दिवशी. त्या दिवशी शेजारच्या गावात कुस्त्यांचा फड लागला होता, सगळा गाव तिकडं पळाला. उतरवायला कुणी नव्हतं. सायकल आडवी आणि अण्णा मातीत बसलेला, असं आई सांगायची. मला ते सोसलंच नाही कधी. म्हणून लिहिताना मी त्याला उतरू दिला नाही. वाऱ्यासारखा जाऊ दिला. लोकांना फार आवडलं. तुम्हालाही आवडलं असेल, बाई."

"पाठ आहे मला, सर."

"अण्णाला अक्षर वाचता येत नव्हतं. मी त्याला वाचून दाखवलं. आख्खं पुस्तक, रोज थोडं थोडं. शेवटचं पान झालं तरी काही बोलेना. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, 'ब्येस लिवलंयस. पर बापू, मला कवातरी उतरीव की. पाय दुखत्यात माजं.'"

दादांनी तोंड फिरवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी हसण्यावारी नेलं. आवृत्त्या निघत राहिल्या. अण्णाला जाऊन दोन वर्षं झाली."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझं तोंड मात्र नेहमीसारखं माझ्या आधी बोललं. "मग सर, आता पुढच्या आवृत्तीत तुम्हीही त्याला..."

तासगावे सर ताडकन उठले. धोतराची माती झटकली, आणि हेडमास्तर पुन्हा आपल्या जागेवर आले.

"काय बोलताय बाई! पुस्तकात तो उतरणार नाही. एक अक्षर बदलायचा नाही मी. ते माझं पुस्तक आहे!" दादांच्या हातातला कागद त्यांनी ओढून घेतला, माझी पाठ टेबलासारखी वापरून त्यावर सही ठोकली आणि कागद दादांच्या हातात कोंबला.

"आणि हे तुमचं," ते म्हणाले. "अण्णाला उतरलेला बघावासा वाटला, तर मी तिकीट काढून येईन."